सरकतं छप्पर

शार्लट स्ट्रीटवर, भर दुपारी, आभाळात ढगाचं नावही नसताना हेनोवेवा मार्कानो "पाऊस" असं ओरडली आणि हात वर करून धावत सुटली. चार-पाच पावलं धावली असेल. मग हातातली पिशवी फुटपाथवर आपटली, तिच्यातल्या मेणबत्त्या गडगडत गटाराच्या कडेला गेल्या, आणि तिला कळलं की आपण पोर्ट ऑफ स्पेनच्या बाजारात उभ्या आहोत, आपलं वय सत्तरीकडे झुकलंय, आणि समोर सांभाळण्यासारखं काहीही नाही. झालं होतं ते एवढंच, की कोपऱ्यावरच्या कापडवाल्याने काही कारणाने दिवसाढवळ्या दुकान बंद करायला घेतलं आणि त्याचं लोखंडी शटर घडघडत खाली आलं. पण तिच्या ओरडण्यात असं काहीतरी असणार, की भाजीवाल्याने आधी आपल्या पालेभाजीवर प्लास्टिक ओढलं, एका बाईने पर्स डोक्यावर धरली, आणि मग सगळ्यांनी वर बघितलं. वर ठणठणीत निळं आभाळ. "तांती," भाजीवाला म्हणाला, कारण या शहरात पिकल्या केसांची बाई सगळ्यांचीच मावशी असते, "हा पाऊस कुठल्या गावचा?" शेजारचा नारळवाला म्हणाला, "असू दे रे. तांती, पुढच्या वेळी जरा बेलमाँटकडे तोंड करून ओरडा. आमच्या नळाला पाणी नाही." लोक हसले. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. कुणीतरी मेणबत्त्या गोळा करून दिल्या. "देव भलं करो," ती हळू म्हणाली आणि मान खाली घालून चालू लागली.

घरी येऊन खुर्चीत बसली तरी तळपाय गरमच होते. नुसते गरम नव्हेत, चिकटही वाटत होते, जसे लहानपणी कोकोच्या बियांवर नाचून आल्यावर वाटायचे. तिने पाय धुतले. मग जपमाळ हातात घेतली. पहाटेचा तिचा जप कधी चुकत नसे, पण दुपारी माळ घ्यायची वेळ क्वचितच येई. तिसऱ्या दहा मण्यांतच मोजणी विसरली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा विसरली. सबंध आयुष्य तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलं होतं. कानाला लावलेल्या यंत्रातून लोकांची भांडणं, मरणं, लग्नं ऐकली आणि एकदाही खुर्चीतून दचकून उठली नाही. तिथल्या मुली म्हणायच्या, वेवाच्या अंगात रक्त नाही, तीर्थ आहे. मग आज काय झालं? काल संध्याकाळी भावाचा, फेर्मिनचा, फोन आला होता हे खरं, पण त्यात नवीन काही नव्हतं असं ती स्वतःला समजावत होती.

"सोमवारी बूदू वेल्डिंगचं सामान घेऊन येतोय," फेर्मिन म्हणाला होता. "छपराची चाकं रुळाला कायमची जोडून टाकायची."

"कायमची?"

"मग? पाहुणा झोपलाय आणि त्याच्या डोक्यावरचं छप्पर फिरायला चाललंय, असं करू?"

"फेर्मिन, छप्पर सरकतं म्हणून तर ते कोकोचं घर आहे."

"होतं. आता पाहुण्यांचं होणार. लोक पक्षी बघायला येतील, सकाळी कोकोचा चहा पितील, पैसे देतील, जातील. वेवा, घर दोघांचं आहे. तुझ्या 'हो'शिवाय मी ठिणगीसुद्धा पाडणार नाही. पण सोमवारच्या आत सांग."

"बघते," ती म्हणाली होती, आणि पलीकडे तो थोडा वेळ नुसताच थांबला होता. त्याचं ते थांबणं तिला सबंध रात्र ऐकू येत राहिलं. एक्स्चेंजमध्ये राहून तिला एक गोष्ट कळली होती, माणसं फोनवर बोलतात तेव्हा लपवतात आणि गप्प राहतात तेव्हा सांगतात. फेर्मिनला ते छप्पर बंद करून हवं होतं ते पाहुण्यांसाठी नव्हे. आणि तिला ते बंद व्हायला नको होतं तेही कोकोसाठी नव्हे. दोघं भावंडं एकाच गोष्टीबद्दल बोलत होती, आणि त्या गोष्टीचं नाव मात्र कुणीच घेत नव्हतं.

सांता क्लाराच्या खोऱ्यात त्यांच्या आजोबांनी बांधलेलं ते घर उंच खांबांवर उभं होतं. वर फळ्यांची लांबरुंद जमीन, तिच्यावर वाळत घातलेल्या कोकोच्या बिया, आणि त्यांच्यावर भिंतींशिवायचं नुसतं छप्पर, लोखंडी चाकांवर. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर दोन रूळ. ऊन असलं की चार माणसं छातीचा जोर लावून ते छप्पर मागे ढकलत, घराबाहेर काढलेल्या तुळयांवर, आणि पुढच्या चाकाखाली लाकडाची पाचर ठोकत. रुळांना घराच्या बाजूला किंचित उतार होता. उघडायला चौघं लागत, मिटायला एक पाचर काढली की पुरे. पावसाचा पहिला थेंब ज्याला दिसे तो ओरडे, मग तो देवघरात असो की न्हाणीत, आणि सगळं खोरं हातातलं टाकून धावे, कारण भिजलेल्या कोकोला बुरशी येते आणि बुरशी आलेला कोको व्यापारी नाकाजवळही नेत नाही. ओरडणं, धावणं, पाचर, आणि मग तो घडघडाट. तिच्या बालपणाला घड्याळ नव्हतं, हा घडघडाट होता. संध्याकाळी बियांना चकाकी यावी म्हणून सगळ्यांनी त्यांवर अनवाणी नाचायचं, वडील मांडोलिन वाजवायचे, आईचा झगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, आंबूस वास केसांत शिरलेला. आई हसायची तेव्हा. हे वेवाला ओढून आणून आठवावं लागे, की आई हसायची.

तो डिसेंबर होता. वडील ओढ्यापलीकडे गाढवावर माल लादत होते. वेवा फळ्यांच्या या टोकाला लाकडी दाताळ्याने बिया उलथत होती. फेर्मिन पलीकडच्या कठड्यावर पालथा पडून रूळ साफ करत होता, कारण रुळात बी अडकली की चाक अडखळतं, आणि मुलांची बोटं बारीक असतात म्हणून ते काम मुलांचं. तो गात होता, नाताळचं गाणं, अर्धे शब्द चुकीचे. आई पाचरीपाशी होती. पाऊस कुणाला आधी दिसला कोण जाणे. वेवाला आठवतं ते एवढंच, की आईने मान वर करून पलीकडे बघितलं. पलीकडे म्हणजे त्या कठड्याकडे. कठड्यावर फेर्मिन होता, आणि फेर्मिनच्या मागे डोंगर, आणि डोंगरावरून पांढऱ्या पडद्यासारखा उतरणारा पाऊस. एकाच रेषेत होतं सगळं. आईने बघितलं, आणि पाचर काढली.

त्याची दोन बोटं गेली. वेवाच्या मनात मात्र बोटं राहिली नाहीत, किंकाळी राहिली नाही, राहिली ती आईची नजर. एवढ्या वर्षांत तिने ती नजर किती वेळा उलगडून बघितली. आईला मुलगा दिसला होता, आणि तो हात काढून घेईल असं वाटलं? की तिला फक्त पाऊस दिसला, कारण वर्षभराचा माल समोर पसरला होता आणि बाईमाणसाच्या डोळ्यांना त्या क्षणी मालच दिसतो? की काहीच दिसलं नव्हतं, पापणी नुसती हलली होती? कबुलीजबाबाच्या पेटीत बसून तिने हा प्रश्न एकदा पाद्रीबाबांना विचारला. ते म्हणाले, दुसऱ्याचं पाप तुम्ही कशाला कबूल करता, बाई. बरोबरच होतं. पण ते पाप होतं की नव्हतं हेच तर तिला हवं होतं.

शनिवारी सकाळी ती आरिमा गावापर्यंत मॅक्सी टॅक्सीने आणि तिथून एका ओळखीच्या जीपने खोऱ्यात गेली. पिशवीत मेणबत्त्या होत्या. दोन दिवसांनी सर्व आत्म्यांचा दिवस, आईच्या कबरीवर दिवे लावायचे. वळणावरून कोकोचं घर दिसलं. बायकोच्या मागे वर्षानुवर्षं दाढी वाढवून बसलेला विधुर एक दिवस ती काढून समोर यावा तसं ते दिसत होतं. खालच्या खांबांमध्ये भिंती, भिंतींना निळ्या खिडक्या, वर जायला कठड्याचा जिना. वर जुन्या फळ्या घासून तेल पाजलेल्या, नवे पत्रे ऊन परतवत होते. छप्पर उघडलेलं होतं. तेल सुकावं म्हणून, आणि शहरातून कालच आलेल्या नव्या गाद्यांना ऊन लागावं म्हणून. पांढऱ्याशुभ्र गाद्या फळ्यांवर ओळीने पसरलेल्या. कोको पसरत तशाच.

"बॉस," वेल्डर बूदू खालून ओरडला, "तुमची बहीण आली. आता वेल्डिंग होत नाही, आता प्रार्थना होणार."

"तुझ्यासाठीच करते रोज," वेवा म्हणाली. "बूदूला अक्कल दे म्हणून."

"अजून पोचली नाही तांती, तुमची लाईन खराब आहे." बूदूचा भाऊ शिडीवरून फिसकन हसला.

फेर्मिन जिन्यावर उभा होता. उजवा हात खिशात. तो हात तो खिशातच ठेवायचा, चर्चमध्येही. तेलशुद्धीच्या कारखान्यात त्याने आयुष्य काढलं, माणसं हाताखाली होती, मुलं टोरोंटोला होती, पण नव्या माणसाशी ओळख करून देताना तो अजूनही डावा हात पुढे करी आणि मग हसून म्हणे, आमच्याकडे डावाच शुभ. अपघातानंतर आरिमाच्या धर्ममातेने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं ते ठेवूनच घेतलं. नाताळला घरी येई, केळीच्या पानातलं पास्तेल खाई, पुढच्या ओसरीवर बसून राही. कोकोच्या घराकडे त्याने पाठ केलेली असे.

"चल, दाखवतो," तो म्हणाला. त्याने सगळं दाखवलं. पलंग कुठे, आंघोळ कुठे, आरशासमोर दिवा कुठे. छान केलं होतं, तिने तसं म्हटलंही. बोलताना ती रुळाकडे बघत नव्हती आणि तोही बघत नव्हता, आणि दोघंही रुळापासून हातभर अंतर ठेवून चालत होती.

"हो म्हण," तो शेवटी म्हणाला.

"एक छप्पर सरकतं राहिलं तर काय बिघडतं? लोकांना आवडेल. रात्री तारे दिसतील."

"लोकांना आवडेल." त्याने तिचे शब्द तिच्याच आवाजात परत केले. "तुला एक सांगू? मी नाताळला यायचो ना, ओसरीवर बसायचो. पाऊस आला की ओरडा ऐकू यायचा आणि मग छप्पर यायचंच नाही. किती वेळ. मी मोजायचो. माल भिजायचा. डिसूझा व्यापारी वडिलांच्या तोंडावर म्हणायचा, मार्कानो, तुमचा कोको पोहून येतो का? ज्या कोकोपायी माझी बोटं घेतली, तो कोकोसुद्धा नंतर आईला धड सांभाळता आला नाही. हे मला जास्त लागतं. घेतली तर घेतली, निदान सांभाळायचा तरी होता."

त्याचा आवाज चढला नव्हता. उत्तर होतं तिच्याजवळ. जिभेच्या टोकाशी होतं, सबंध आयुष्य होतं. पण ते सांगायचं म्हणजे पुढचंही सांगावं लागणार, ती नजरही सांगावी लागणार, आणि फेर्मिन विचारणार, की आईने मला बघितलं होतं का. तेवढा एक प्रश्न त्याने कधी विचारू नये म्हणून ती त्याच्याशी हवापाण्याचं बोलत आली होती. तिने खाली बघितलं. फळ्यांना तेलाचा वास होता आणि तेलाखालून, कितीही घासलं तरी, तो जुना आंबूस वास येत होता. 'हो' म्हणून टाकावं. सोमवारी ठिणग्या उडतील, चाकं गप्प होतील, रुळाचा नुसता कठडा होईल, आणि पाहुणे त्यावर ओले टॉवेल वाळत घालतील. 'हो' म्हणायला तिने तोंड उघडलं.

आणि तोंडातून आलं, "पाऊस."

या वेळी तो होता. डोंगराच्या खांद्यावरून पांढरा उतरत होता, झाडांवरून आधी आवाज आला, मग वारा. "गाद्या," फेर्मिन ओरडला, आणि तिचे पाय केव्हाच पाचरीपाशी पोचले होते. पहिले जड थेंब गाद्यांवर पडले, एकेक करडा ठिपका. "काढ, वेवा, पाचर काढ." तिने पाचरीला हात घातला आणि तो हात तिथून निघाला. काढला नव्हता तिने. आपणच निघाला तो, पाचर सोडून चाकाच्या पुढे रुळावर टेकला आणि रुळावरून चालू लागला, तळवा लोखंडाला घासत, आणि त्याच्यामागून ती. "काय करतेस? अगं पाचर तिकडे आहे." पाऊस आता आडवा येत होता. रूळ थंड होता, मग ओला झाला, मग तिला लोखंड आणि पाणी वेगळं कळेना. ती घाई करत नव्हती. घाई करता येत नाही त्यात. हाताखाली प्रत्येक वीत जायला हवी, एकही न सुटता, कारण जी सुटेल तिथेच कुणाचा तरी हात असेल. टोकापर्यंत गेली, भिजलेल्या गाद्यांच्या मधून पलीकडे आली आणि दुसऱ्या रुळावर तळवा ठेवला. हा तो कठडा. इथे फेर्मिन उभा होता. ओरडायचा थांबला होता. ती जवळ आली तेव्हा तो बाजूला झाला नाही, नुसता बघत राहिला तिच्या हाताकडे, आणि अगदी शेवटी, ती पोचली तेव्हा, त्याने कठड्यावर टेकलेला आपला डावा हात उचलून तिला वाट दिली. ती पुढे गेली. शेवटाला पोचून तिने मागे वळून दोन्ही रुळांवरून नजर फिरवली, पलीकडे पाचरीपाशी आली आणि मगच पाचर काढली.

छप्पर आलं. घडघडाट फळ्यांतून तिच्या पायांत चढला, आणि अंधार झाला, आणि नव्या पत्र्यांवर पाऊस तडतडू लागला. दोघंही नखशिखांत भिजलेली. गाद्यांमधून पाणी निथळत होतं.

"हे कोण करायचं?" फेर्मिनने विचारलं.

तिला श्वास लागला होता. "आई."

"कधी?"

"तू आरिमाला गेल्यापासून. प्रत्येक पावसाला. आधी हा रूळ, मग तो. घरात एकही मूल नसायचं तेव्हासुद्धा. वडील एकदाच म्हणाले, इसिदोरा, माल. ती म्हणाली, थांबा. मग ते कधी बोलले नाहीत. व्यापाऱ्याचं ऐकून घ्यायचे." तिने ओला पदर पिळावा तशी स्कर्टची कड पिळली. "तिचा नेम होता तो. मरायच्या आदल्या पावसापर्यंत."

फेर्मिन गादीच्या कडेवर बसला. गादीतून पाणी बाहेर आलं, त्याला कळलं नाही. मग तिला भीती होती ते आलंच.

"त्या दिवशी तिने मला बघितलं होतं?"

खोटं सांगणं सोपं होतं. दोन्ही खोटी तयार होती, 'हो'चंही आणि 'नाही'चंही, आणि दोन्हीत दया होती. जपमाळ खिशात ओली झाली होती, तिने ती मुठीत धरली. "तिने तुझ्या बाजूला बघितलं," ती म्हणाली. "तुझ्या मागे पाऊस होता. तिला काय दिसलं ते मला माहीत नाही, फेर्मिन. मी तिला कधी विचारलं नाही. मला वाटतं, तिलाही माहीत नव्हतं. माहीत असतं तर एक दिवस तिने रूळ सोडला असता."

त्याने उजवा हात खिशातून काढला आणि ओला म्हणून शर्टाला पुसला. पुसतच राहिला.

पाऊस आला तसा गेला. जिन्यावरून बूदूचं डोकं वर आलं. त्याने गाद्या बघितल्या आणि शिट्टी वाजवली. "बॉस, पाहुण्यांना पोहायला यावं लागेल. बरं झालं सोमवारी वेल्ड करतोय. एकदा जोडलं की कटकट मिटली."

फेर्मिन उठला. "गाद्या वाळवायच्यात," तो म्हणाला. "भावाला बोलाव. छप्पर मागे घेऊ."

"आत्ता? डोंगराकडे बघा, अजून आहे पोटात."

"म्हणूनच आत्ता. वेळ कमी आहे."

चौघांनी छाती लावली. चाकं कुरकुरली, उताराविरुद्ध वीत वीत मागे गेली, वेवाला आपल्या शेजारी फेर्मिनचा श्वास ऐकू येत होता, आणि त्याचे दोन्ही तळवे पत्र्याच्या चौकटीवर सपाट टेकलेले दिसत होते. उजेड फळ्यांवर सरकत आला. वेवाने पाचर ठोकली. बूदू घाम पुसत म्हणाला, "तर मग सोमवारी किती वाजता येऊ?" फेर्मिनने बहिणीकडे बघितलं. तिचं 'हो' अजून तिच्यापाशीच होतं, त्याने मागितलं नाही.

"ये," तो म्हणाला. "येताना चाकांना घालायचं ग्रीस आण. फार कुरकुरतात."

बूदूने एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्याला काही चावट सुचलं नाही.

गाद्यांमधून वाफ निघू लागली होती. डोंगराच्या खांद्यावर पुन्हा पांढरं जमत होतं. वेवा पाचरीपाशी उभी राहिली आणि आपल्या बाजूच्या रुळावर तळवा ठेवला. पाऊस अजून पलीकडच्याच खोऱ्यात होता, कुणी ओरडलंही नव्हतं. समोरच्या कठड्याशी फेर्मिनने वाकून तीन बोटांचा हात रुळावर टेकवला आणि मोकळ्या लोखंडावरून, एकही वीत न सोडता, सावकाश चालायला लागला.